शिट्टी ऐकूच येत नाही, मग पळायचं कसं?

प्रश्न : माझा पुतण्या नववीला आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. पळायला लई चपळ, पण तालुक्याच्या स्पर्धेत शिट्टी वाजली की लेकरू शेजारच्याच्या पायाकडं बघून सुटतं, तोवर बाकीचे दोन पावलं पुढं गेलेले असतात. भाऊ म्हणतो पॅरालिम्पिकची तयारी करू. तिथं घेतात का?
– एक काका, परतूर (जि. जालना)

उत्तर : काका, पॅरालिम्पिकमध्ये बहिऱ्या खेळाडूंचा वेगळा गटच नाही. पण हिरमुसू नका, त्यांचं स्वतःचं डेफलिम्पिक्स आहे अन् ते पॅरालिम्पिकपेक्षा वयानं मोठं आहे बरं का! पहिलं पॅरालिम्पिक १९६० ला रोममध्ये झालं, अन् बहिऱ्यांच्या स्पर्धा १९२४ च्या ऑगस्टमध्येच पॅरिसला, ९ देशांचे १४८ खेळाडू. तिथलं ऑलिम्पिक उरकून जेमतेम दोन आठवडे झाले होते. भरवणारा युजीन रुबेन्स-आल्के, तो स्वतःच बहिरा, म्हणजे कोणी दया म्हणून भरवून दिलेलं हे नाही, अन् मला तर त्यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. डेफलिम्पिक्स हे नाव मात्र २००१ चं.

तुमच्या पोराची अडचण तिथं कशी सोडवली बघा. पळणाऱ्याच्या समोर जमिनीवर बारका दिवा असतो, लाल लागला की जागेवर, पिवळा लागला की तयार, हिरवा लागला की सुटायचं, शेजारच्याच्या पायाकडं बघायचं कामच नाही. फुटबॉलात रेफरी झेंडा हलवतो. नियम एवढाच की दोन्हीतल्या त्यातल्या त्यात बऱ्या कानानं सुद्धा ५५ डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू यायला नको, अन् मैदानात कानातलं मशीन काढून ठेवायचं, सगळे सारखे.

आपला देश १९६५ पासून तिथं जातोय. हरियाणाचा पैलवान वीरेंदर सिंग, त्यानं २००५, २०१३ अन् २०१७ अशी तीन गोल्ड आणली, पुढं पद्मश्रीही मिळाली, तरी आपल्याकडं कुस्तीवेड्या गावातसुद्धा कितीजणांना त्याचं नाव माहितीय, विचारून बघा.

आधी कानाच्या डॉक्टरकडून ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा तपासणीचा तक्ता, काढून घ्या, तो लागतोच. अन् पुढच्या तालुक्याच्या स्पर्धेला पीटीच्या सरांना म्हणावं, शिट्टी वाजवताना समोर उभं राहून हातातला रुमाल खाली करा.