डॉक्टरांना विचारा : कानातली खाज आणि खोबरेल

प्रश्न : वय ४२, राहणार वेंगुर्ले. आषाढ लागल्यापासून उजवा कान असा खाजतो, की रात्री उठून केसांची पिन शोधते. सासूबाईंनी लसूण कढवलेलं खोबरेल कानात सोडलं. दोन दिवस बरं वाटलं, मग दडा बसला. दुकानातून अँटिबायोटिकचे थेंब आणून दहा दिवस घातले, तर खाज वाढलीच. दुखत फारसं नाही. बुरशी असेल का? रक्त तपासावं लागेल?

उत्तर : आधी ती पिन लपवून ठेवा. खाज जास्त, दुखणं कमी आणि थेंबांनी उलट वाढलेलं, एवढं ऐकलं की मला बुरशीचाच संशय येतो. त्या थेंबांनी जिवाणू मेले असतील, बुरशीला मात्र मोकळं रान मिळालं. तेलाने कान ओलसर राहतो. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा.

पण पत्रावरून निदान होत नाही, कानात बघावंच लागतं. दुर्बिणीतून बहुतेकदा तिथेच उलगडा होतो. भिजल्या वर्तमानपत्राचा लगदा कोंबावा तसं करडं, ओलं काहीतरी दिसतं आणि त्यावर काळे ठिपके. हे ॲस्परजिलस नायजर बुरशीचे बीजाणू, बारीक देठांवर उभे. पावसात कपाटातल्या चामडी चपलेवर उगवतं ना, त्याच्याच गोतावळ्यातलं. कँडिडा ही दुसरी बुरशी असेल तर काळं काही नसतं, दह्यासारखा पांढरा थर असतो. तो मळ समजून सोडला जातो.

शंका उरली किंवा औषधाने फरक पडला नाही, तर लगदा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्यात त्वचेच्या पेशी विरतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. नेमकी जात हवी असेल तर कल्चर, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघणं. त्याला बरेच दिवस लागतात, म्हणून मी सरसकट सांगत नाही.

लगदा सक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, काढला की निम्मं काम होतं. मग क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचे थेंब, तेही पडद्याला भोक नाही हे पाहून.

बुरशी शोधायला रक्त नको. पण साखर तपासून घ्या, मधुमेहात हे दुखणं परत परत येतं.

दाखवायला जाण्याआधी दोन दिवस कानात तेलाचा थेंबही नको. तेल असलं की आत काळं-पांढरं कळत नाही, नुसतं चकाकतं.