मार्क चांगले पडत असतील तर शाळेत हजेरीची सक्ती कशाला?

सक्ती पाहिजे. फक्त तुम्ही म्हणताय ती पोरावरची, मी म्हणतो ती आधी शाळेवर पाहिजे. मी जळगाव जिल्ह्यात मास्तर आहे, कॅटलॉग (हजेरीपट) रोज हातात असतो, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आठवीपर्यंत तर प्रश्नच नको. २००९ चा शिक्षण हक्क कायदा (लागू झाला १ एप्रिल २०१० ला) नीट वाचला तर त्यात ६ ते १४ वयाच्या पोराला गैरहजेरीबद्दल शिक्षा वगैरे काही नाही, उलट त्याला शाळेतून काढताच येत नाही, आणि तो रोज येतोय का हे बघणं सरकारचं काम आहे असं सरळ लिहिलंय. म्हणजे सक्तीचं तोंड आपल्याकडे, पोराकडे नाही.

आता आमच्याकडचं बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की वर्ग अर्धा रिकामा. वेचणी किलोवर असते, घरातले जितके हात तितका पैसा, त्यात मोठी पोरगी घरी लहान भावाला सांभाळायला. बापाला फोन केला तर तो म्हणतो, "सर, कापूस फुटी राह्यना (फुटतोय), पोऱ्याले कसा धाडू?" याला मी काय नियम सांगू? सरकारने १९९२ साली गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला, दिवसाला एक रुपया! वर्षानुवर्षं तो रुपयाच राहिला. त्यापेक्षा खिचडीने आणि मुलींच्या एसटीच्या फुकट पासने जास्त पोरी शाळेत आणल्या असं माझं मत.

नंदुरबारकडे अजून अवघड. अक्कलकुवा, धडगावची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती होळीला परत, पोरं सोबतच. सलग महिनाभर पोर आलं नाही तर ते शाळाबाह्य धरायचं असतं, पण धरतंय कोण, कारण संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते, पटावर ठरते, पट घटला की शिक्षकाचं पद जातं, मग कॅटलॉगात हजेरीचा 'ह' पडतो आणि पोर उसाच्या फडात. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून मोजावं लागलं होतं, एवढा आमच्या हजेरीवर विश्वास! कडक नियम केला की पोरं वाढत नाहीत भो, 'ह' वाढतात.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, तो मला वाटतं अकरावी-बारावीचा आहे. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो गावाकडच्या कॉलेजात नाव टाकतो आणि स्वतः लातूरला नाहीतर कोटाला क्लासमध्ये बसतो, कॉलेज म्हणतं फक्त प्रॅक्टिकलला या, हजेरी आम्ही बघतो. आणि जो पोरगा खरंच रोज एसटीने येतो, वेचणीत पंधरा दिवस बुडतो, त्याला मात्र नोटीस, पालकांना घेऊन ये. हे मी जवळून बघितलंय, कॉलेजचं नाव घेत नाही. २०१८ ला सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक लावायचा जीआर निघाला, त्यात आमचा नाशिक विभागही होता. पण मशीनला अंगठा कोणाचा हे बघणारा माणूस लागतोच ना.

म्हणून मार्क चांगले आहेत तर सूट द्या हे मला पटत नाही, कारण ती सूट क्लासवाल्यांनाच मिळणार, वेचणीवाल्याला नाही. ७५ ठेवायचे तर सगळ्यांना ठेवा, तपासणीला अचानक या आणि बाकं मोजा, कॅटलॉग नंतर उघडा. नाहीतर आकडा खाली आणा, पण तो खरा असू द्या.

तुमच्या घरातलं कोणी अकरावीला असेल तर ॲडमिशनच्या वेळी "हजेरीची काळजी करू नका" असं सांगणारं कॉलेज टाळा. आजारपणाने बुडलं असेल तर डॉक्टरचा कागद लगेच ऑफिसात द्या आणि पोच घ्या, हॉल तिकिटाच्या वेळी धावपळ केली तर क्लार्क ऐकत नाही.