सोरायसिस: मेथोट्रेक्सेटला घाबरायचं कुठे आणि किती

ताई, मिस्टरांच्या कोपरांवर आणि डोक्यात चार वर्षं चट्टे, मलम लावलं की जातात, सोडलं की परत हजर. आता डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी लिहिलीय आणि तुमची झोप उडालीय. मी या सोरायसिसबरोबर १९ वर्षं नांदतोय, म्हणून लिहितो.

ते मलम बहुधा क्लोबेटासॉल. जालीम स्टिरॉइड. काही आठवडे ठीक, पण वर्षानुवर्षं फार्मसीतून मागवून लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. डोक्यातल्या खपल्यांना रात्री खोबरेल चोपडा, सकाळी कोल टारचा शॅम्पू. बरं करत नाही, पण खपली नखाने ओरबाडावी लागत नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर रविवारी बायको लाल गोल करायची आणि गोळ्यांची पट्टी स्वतःच्या कपाटात ठेवायची. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची (जीवनसत्त्वाची) गोळी कुठल्या वारी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्ताची आणि यकृताची तपासणी चुकवू नका. फेणी बंद, चतुर्थीलासुद्धा. मूल हवं असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा.

गोळी नकोच असेल तर शेकाचं विचारा, म्हणजे ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण. आठवड्यातून दोन-तीनदा, अडीच-तीन महिने. मी फोंड्याहून कदंबच्या बसने पणजीला जायचो. जाऊन-येऊन अर्धा दिवस, आणि काळा चष्मा लावून दिव्यांच्या कपाटात उभं राहायचं ते पहिल्या दिवशी मिनिटभरसुद्धा नाही! तरी मला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. मिरामारच्या किनाऱ्यावर उघड्याने उन्हात बसणं म्हणजे शेक नव्हे. कातडी भाजली तर तिथेच नवा चट्टा उठतो.

वैदूच्या पुड्या मीही घेतल्यात. आठ दिवसांत अंग लख्ख. पुड्या संपल्यावर पंधरवड्यात डोक्यापासून पायापर्यंत लाल, अंगात ताप. आत स्टिरॉइडच असणार असा माझा पक्का संशय. ते एकदम थांबलं की हा आजार असाच उसळतो.

सेक्युकिनुमॅबसारखी इंजेक्शनं यानंतरची पायरी. गुण चांगला, पण महाग, आणि आधी क्षयाची तपासणी लागते. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात एकदा दाखवून घ्या.

आणि आज त्यांची नखं उजेडात धरून बघा. सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले, किंवा सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील, तर पुढच्या भेटीत सर्वांत आधी तेच सांगा. आजार सांध्यांत शिरला असेल तर मलमावर भागत नाही.