वाचकांचे प्रश्न : चालू लागलेले मूल आणि घरातील विषारी वस्तू

प्रश्न : आमचा मुलगा चौदा महिन्यांचा असून नुकताच चालू लागला आहे. घर दोन खोल्यांचे, त्यात सासू-सासरे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. गेल्या महिन्यात शेजारची दोन वर्षांची मुलगी पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले थिनर प्यायली. जमलेल्या माणसांनी तिला मिठाचे पाणी पाजून उलटी काढली. पुढे न्यूमोनिया होऊन ती आठ दिवस रुग्णालयात होती. आता ती बरी आहे, पण माझ्या मनातली भीती जात नाही. घरात काय तयारी ठेवावी? कोळशाची पूड आणून ठेवावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेजाऱ्यांनी जे केले ते मुलीच्या काळजीपोटीच केले, त्यामुळे त्यांना दोष देऊ नये, पण ते पुन्हा कोणाच्याही घरी घडू नये, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. थिनर, रॉकेल, टर्पेंटाइन हे पदार्थ पाण्यासारखे पातळ असतात आणि पोटात गेल्याने जितका अपाय करतात त्याहून कितीतरी अधिक अपाय ते श्वासनलिकेत उतरल्यावर करतात. पिताना ठसका लागला तर थोडे थेंब फुप्फुसात जातात, आणि उलटी काढली की तोच पदार्थ घशाशी परत येऊन आणखी आत जाण्याची संधी त्याला मिळते. मिठाच्या पाण्याचा धोका वेगळाच आहे. लहान मुलाच्या रक्तातील मिठाचे प्रमाण त्याने एकाएकी वाढते, मेंदूला इजा होते, आणि केवळ या उपायाने मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून पोटात काहीही गेले असले तरी घशात बोट घालू नये आणि मिठाचे किंवा मोहरीचे पाणी पाजू नये. दूध-तूपही उतारा म्हणून देऊ नये, कारण कापूर आणि डांबरगोळ्या स्निग्ध पदार्थात विरघळून उलट लवकर अंगात भिनतात. संडास साफ करण्याचे ॲसिड तोंडात गेले असेल तर तोंड पाण्याने खळखळून किंवा ओल्या फडक्याने पुसून काढावे, मात्र त्यावर लिंबू वा सोडा देण्याचा प्रयोग करू नये.

कोळशाची पूड घरी ठेवू नका. रुग्णालयात ती, म्हणजे विष शोषून घेणारी खास तयार केलेली पूड, काही विषांवर दिली जाते. परंतु रॉकेल, ॲसिड किंवा लोहाच्या गोळ्या यांवर तिचा उपयोग होत नाही, आणि नको म्हणणाऱ्या मुलाला ती बळजबरीने पाजताना ठसका लागला तर तीच फुप्फुसात जाते.

खरी तयारी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या एका कागदाने सुरू होते. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक, दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक, मुलाचे वजन आणि रात्री अकरा वाजता लहान मुलांचे डॉक्टर जेथे खरोखर हजर असतात अशा जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहावे. हे शेवटचे नाव बहुतेक घरांत ठाऊक नसते, आणि शोधाशोधीत अर्धा तास जातो. वजन दर दोन-तीन महिन्यांनी खोडून नवे लिहावे, कारण चौदा महिन्यांच्या दहा किलोच्या बाळाला किती मात्रा बाधेल, हे डॉक्टर वजनावरूनच ठरवतात. निघताना बाटली, पाकीट, उरलेल्या गोळ्या हे सर्व सोबत घ्यावे. लेबल नसले तरी घ्यावे. मूल गुंगीत असेल तर त्याला कुशीवर निजवावे आणि तोंडाने काहीही देऊ नये. मूल खेळते आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रॉकेल प्यायलेल्या मुलाला आम्ही किमान सहा तास नजरेखाली ठेवतो, कारण धाप लागायला वेळ जाऊ शकतो.

आता दोन खोल्यांविषयी. बाजारातील महागड्या कुलपांपेक्षा मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवलेली साधी कडी अधिक कामाची ठरते. ओट्याखालची जागा आणि मोरीचा कोपरा आजच रिकामा करा, आणि ॲसिड, फिनाईल, डासांच्या मशीनची रिफिल, उंदराचे औषध हे सर्व एका पत्र्याच्या पेटीत घालून, कुलूप लावून माळ्यावर ठेवा. उंदरासाठी ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र घरात आणूच नका, असे मी आग्रहाने सांगतो. ती टूथपेस्टसारखी दिसते. ती खाल्लेले मूल एक-दोन दिवस ठीक वाटते आणि नंतर त्याचे यकृत निकामी होऊ लागते, आणि त्यावर नेमका उतारा नाही.

सासू-सासऱ्यांच्या गोळ्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. सात खणांची प्लॅस्टिकची डबी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते आणि चिमुकल्या अंगठ्यानेही उघडते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांतली एकच पोटात गेली तरी बाळाची साखर धोकादायक रीतीने उतरते, आणि तीही कित्येक तासांनी, म्हणजे घरातले सगळे झोपल्यावर. डबी उशाशी किंवा टीव्हीवर न ठेवता त्याच कडीच्या कपाटात जावी. हे सासऱ्यांना सुनेने सांगणे अवघड वाटत असेल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. देवघरातील कापराची डबीही वर सरकवा. एवढ्या लहान मुलाला अर्धा-एक ग्रॅम कापरानेही काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

प्रश्न : बाळंतपणानंतर आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्यांपैकी काही माझ्या अडीच वर्षांच्या मुलाने खाल्ल्या. दोन-तीन उलट्या होऊन तो चांगला खेळू लागला, तरी डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत घरी सोडले नाही. रक्त वाढवणाऱ्या गोळीने इतका धोका असतो का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : असतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केले. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. मुलाच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेले की त्रास सुरू होऊ शकतो आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवावर बेतू शकते. बारा किलोच्या मुलाचा हिशेब केला तर चार गोळ्या म्हणजे पहिली पायरी आणि बारा गोळ्या म्हणजे दुसरी. लोहाने आधी पोटाच्या आतील अस्तराला इजा होते, म्हणून उलट्या होतात, कधी त्यात रक्तही येते. नंतर काही तास मूल शांत, बरे झाल्यासारखे दिसते, आणि नेमक्या याच वेळात आईवडील त्याला घरी नेतात. त्या काळात लोह रक्तातून यकृताकडे आणि हृदयाकडे पोहोचत असते. तुमच्या मुलाला थांबवून घेतले ते यासाठीच.

या गोळ्या तुम्ही मुळीच बंद करू नका. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस त्या घ्यायच्या असल्याने, थोरले मूल सगळे उघडून पाहण्याच्या वयाचे असते नेमके तेव्हाच घरात शेकडो लाल, साखरेचा थर असलेल्या गोळ्या येतात. तुम्ही गोळी घेताना तो पाहत असेल, तर त्याच्या नकळत घ्या. आणि त्याला ताप आला असता औषध पाजताना ‘चॉकलेट आहे, गोड आहे’ असे म्हणू नका. तो ते लक्षात ठेवतो.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे गावी येणार आहेत. गोठ्यात फवारणीचे सामान असते. काय काळजी घ्यावी?
– एक आजोबा, जळगाव जिल्हा

उत्तर : आपण फवारणीच्या विषाला ‘औषध’ म्हणतो, उंदराच्या आणि ढेकणांच्या विषालाही ‘औषध’च म्हणतो. निदान सुट्टीपुरते तरी मुलांसमोर त्याला विष म्हणा, म्हणजे शहरातून आलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलालाही ते कळेल. डबे कुलपात ठेवा आणि शीतपेयाच्या बाटलीत त्यांतला थेंबही काढून ठेवू नका. विष अंगावर सांडले तरी ते कातडीतून आत जाते, म्हणून कपडे काढून साबणाने भरपूर पाण्याने धुवावे. लाळ गळू लागली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर धुण्यातही वेळ न दवडता निघावे. कुंपणाचा मोगली एरंड मुलांना दाखवून ठेवा. त्याचे बी शेंगदाण्यासारखे लागते, एकाने खाल्ले की सगळी खातात, आणि तासाभरात उलट्या-जुलाबांनी सगळी आडवी होतात. आणखी एक गोष्ट, जी गावोगाव दिसते : विष मोजायला घेतलेला पेला किंवा चमचा धुऊन पुन्हा स्वयंपाकघरात जातो. ते माप वेगळे काढून पंपालाच तारेने बांधून ठेवावे.