रीमा लागू आईच्या भूमिकांत वाया गेल्या का? तिशीतल्या अभिनेत्रीने आईचं काम नाकारावं का?

"वाया गेल्या" हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्या बहिणीला एकतिसाव्या वर्षी मालिकेत नायकाच्या आईचं काम विचारलंय आणि "रीमा लागूंसारखं होईल" म्हणून घरचे तिला नको म्हणायला सांगताहेत. रीमाताईंसारखं झालं तर घरात पेढे वाटायला हवेत, हे माझं पहिलं मत आणि शेवटचंही.

'कयामत से कयामत तक' १९८८ चा. त्यात त्या जुही चावलाची आई झाल्या तेव्हा तिशीही गाठली नव्हती. 'मैंने प्यार किया'तला सलमान त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान, आणि १९९९ च्या 'वास्तव'मधला संजय दत्त तर जेमतेम वर्षाने. हे सांगून लोक हळहळतात, कीव करतात. मला कळत नाही कीव कसली! आपल्याच वयाच्या धिप्पाड माणसाची आई म्हणून उभं राहायचं, आणि प्रेक्षकाच्या मनात एकदाही शंका येऊ द्यायची नाही, हे काम किती नट्यांना जमेल? 'वास्तव'मध्ये शेवटी मुलावर गोळी झाडते ती आईच. एवढं वजनाचं काम त्या काळात कुठल्या नायिकेच्या वाट्याला येत होतं ते मला सांगा.

माझा संबंध एवढाच की मीही बँकेत नोकरी करून हौशी रंगभूमीवर कामं केली. सांगली केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेला आमची संस्था दरवर्षी उतरायची. सत्ताविसाव्या वर्षी मला आईचं काम दिलं गेलं. नायिकेसाठी दिग्दर्शकाने दुसरी मुलगी आणली होती. माझा 'मुलगा' झालेला नट माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी दिग्दर्शकाला विचारलं, ही बाई नक्की कशी आहे? तर म्हणाला, "आईला काय, उभं राहायचं नि वेळ आली की रडायचं." हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

नाटकात एक प्रसंग होता. मुलगा येऊन सांगतो, घर विकलंय, सह्या झाल्यात. संहितेत कंसात लिहिलेलं, 'आई हुंदका देते'. तालमीत मी हुंदका दिला, पण मला ते खोटं वाटत होतं. आमच्या वाड्यात अशा बातम्या आल्या तेव्हा कुणी बाई हुंदके देत बसलेली मी पाहिली नव्हती, हात कामात असायचे. मग मी मेथीची जुडी मागून घेतली. मुलगा बोलत असताना निवडत राहायचं, पानं सुपात, काड्या कागदावर. "सह्या झाल्या" या शब्दाला हात थांबवायचा नाही, फक्त पुढची काडी पानासकट कागदावर टाकायची. मग ती परत उचलून पान खुडायचं आणि विचारायचं, "जेवून जाणार का?" दिग्दर्शकाला हे अजिबात पसंत नव्हतं. तिसऱ्या रांगेपलीकडे मेथी दिसणार नाही, प्रेक्षकाला रडू हवं असतं, असं त्याचं म्हणणं. रंगीत तालमीपर्यंत आमचा वाद चालला. प्रयोगाच्या दिवशी भावे नाट्यमंदिरात मी मेथीच निवडली. मागून खोकल्याचे आवाज येत होते ते त्या वाक्याला थांबले. मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर हा दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला, "परीक्षकांना आईची दया आली."

दया? लोकांना आई दिसते ती त्यांना ओळखीची असते म्हणून ते काम सोपं, असा हा समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. ओळखीचं असतं म्हणूनच खोटं लगेच पकडलं जातं. प्रेयसीचं काम थोडं कच्चं झालं तरी चेहऱ्यावर, गाण्यावर निभावून जातं. आईचं कच्चं काम मागच्या खुर्चीवरच्या माणसालाही कळतं, कारण त्याच्या घरी एक आहे.

आता रीमाताई आईच्या कामांत 'अडकल्या' का, हा तुमचा प्रश्न. हिंदीवाल्यांनी त्यांना पाहिलंच आई म्हणून. आपल्याकडे मराठीत तसं नव्हतं. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकातली अंबिका त्यांनी उभी केली, समोर नाना पाटेकर. 'सविता दामोदर परांजपे' पूर्णपणे त्यांच्यावर तोललेलं नाटक. 'सिंहासन', 'आक्रोश', 'कलयुग' हे सगळे सिनेमे आईपणाच्या आधीचे. युनियन बँकेतली नोकरी सांभाळून रंगमंचावर उभी राहिलेली बाई, आणि आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरची. एवढी तयारी असलेल्या नटीला राजश्री या निर्मिती संस्थेने 'मैंने प्यार किया'त आई म्हणून घरात बसवलं, सिनेमा तुफान चालला आणि मग सगळ्यांना तशीच आई हवी झाली. धंदा असाच चालतो. टीव्हीने मात्र त्यांना मोकळं सोडलं. 'श्रीमान श्रीमती'मधली कोकी बघा, 'तू तू मैं मैं'मधली सासू बघा. सून झालेली सुप्रिया त्यांच्याहून नऊच वर्षांनी लहान, आणि दोघींची जुगलबंदी अशी की रडक्या आईचा मागमूस नाही. २०१७ च्या मे महिन्यात गेल्या तेव्हाही 'नामकरण'मध्ये करारी, खलनायकी बाई रंगवत होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर असणं याला वाया जाणं म्हणतात का?

एक कबूल करायला हवं. फिल्मफेअरची नामांकनं चार वेळा आली, बाहुली एकदाही मिळाली नाही. तिशीतल्या बाईसाठी त्या काळी हिंदीत फारसं दुसरं कुणी लिहीतही नव्हतं, हा अन्यायच. तो करणारे लिहिणारे आणि पैसे लावणारे होते. त्याचा ठपका भूमिकेवर का?

तुमच्या बहिणीने हो म्हणण्याआधी एवढं बघावं, की कथेत ती आई स्वतःहून काही करते का, की नुसती ताट वाढून दारात उभी राहते. निर्मिती संस्थेतल्या माणसाला हे थेट विचारायचं, लाजायचं नाही. पहिल्या महिन्याचे प्रसंग वाचायला मागायचे. मालिकेत पैसे दिवसाच्या हिशोबाने ठरतात, तेव्हा "आईचंच तर काम आहे" म्हणून दर पाडून सांगितला तर तिथेच अडवायचं, कारण पुढे तो दर वाढवून घेणं फार जड जातं. आणि कामाचे पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी हातात येतात, तेवढे महिने घरभाड्याची सोय आधी करून ठेवायला सांगा.