ठोकळ्यांची आगगाडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लेगो आणि तत्सम ठोकळ्यांतून आगगाड्या बनवणाऱ्या व जमवणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी यवतमाळ, चंद्रपूर आणि अमरावती जिल्ह्यांतील गावांमधून आली आहेत. पहिल्या पत्राचा विषय मला फार जवळचा असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला आमच्या गावावरून जात असे. तिची ठोकळ्यांची प्रतिकृती बनवण्याची माझी इच्छा आहे. माझ्याकडे तयार संचातले रूळ आहेत. नॅरोगेजची गाडी या रुळांवर प्रमाणात बसेल का? (एक वाचक, तालुका दारव्हा)

उत्तर : बसेल, मात्र प्रमाण आधी ठरवावे लागेल आणि एका बाबतीत तडजोडही करावी लागेल. लेगोच्या रुळांमधले अंतर सुमारे 37.5 मिमी आहे, तर शकुंतलेचे प्रत्यक्ष रूळ 762 मिमी अंतरावर आहेत. या दोन आकड्यांचा भागाकार केला की 1:20 हे प्रमाण येते. त्या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस आठ सेंटिमीटरहून उंच होईल. ठोकळ्यांच्या संचातला माणूस जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, म्हणजे आपल्या स्टेशनावरचे सगळे प्रवासी गाडीपुढे बाहुल्यांसारखे दिसतील आणि डबाही इतका मोठा होईल की तो वळवायला खोली पुरणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, प्रमाण नॅरोगेजवरून न काढता ब्रॉडगेजवरून काढावे. 1676 मिमीला 37.5 ने भागले की सुमारे 1:45 येते आणि या प्रमाणात ठोकळ्यांची माणसेही बरीचशी शोभतात. ठोकळ्यावरच्या दोन खुंट्यांमधले अंतर 8 मिमी असते. डबा सहा खुंट्या रुंद केला, तर त्याची रुंदी 48 मिमी होते, म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे 2.15 मीटर. ब्रॉडगेजचा डबा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद असतो, त्याला याच प्रमाणात नऊ खुंट्या लागतात. रूळ दोन्ही गाड्यांना एकच राहतील, ही ती तडजोड. परंतु मूर्तिजापूर जंक्शनवर मुंबई–नागपूर मार्गाची मोठी गाडी आणि शेजारी शकुंतला अशी जोडी मांडली, की सहा आणि नऊ खुंट्यांमधला फरक पाहणाऱ्याला लगेच कळतो. रुळांच्या बाहेरच्या बाजूस हिरव्या आणि मातकट रंगाच्या पट्ट्या चढवून गवत वाढल्याचा भास आणला, तर रूळ रुंद असल्याचे फारसे जाणवत नाही.

नॅरोगेज निवडण्याचा आपल्याला एक मोठा फायदाही आहे. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या 40 खुंट्या, म्हणजे 320 मिमी आहे, आणि हे वळण फार तीव्र आहे. ब्रॉडगेजच्या जुन्या निळ्या डब्याच्या दोन चाकगाड्यांच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) केंद्रांमध्ये सुमारे 14.8 मीटर अंतर असते. तो डबा 1:45 मध्ये जसाच्या तसा बनवला, तर वळणावर त्याचा मध्यभाग रुळांच्या मध्यरेषेपासून साडेचार सेंटिमीटरहून अधिक आत सरकतो आणि फलाटावरचे सगळे पाडून जातो. त्यामुळे मोठ्या गाडीचे डबे आखूड करण्यावाचून गत्यंतर नसते. याउलट शकुंतलेच्या लहान डब्याच्या चाकगाड्यांमधले अंतर 25 खुंट्या ठेवले, तर डबा आत सरकतो फक्त 16 मिमी, म्हणजे दोन खुंट्या. फलाट, सिग्नल आणि झाडे तेवढी मागे घेतली की काम होते.

काळ कोणता दाखवायचा हेही आताच ठरवावे. बेरारचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने हा मार्ग उभा राहिला. त्यावर मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1923 पासून धावत होते. 1994 साली ते निवृत्त होऊन त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. वाफेचे इंजिन निवडल्यास मोठ्या चाकांपैकी मधली चाके बिनकडेची, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड नसलेली, घ्यावीत, कारण सगळ्या चाकांना कड असेल, तर इतक्या तीव्र वळणावर इंजिन अडकते किंवा रुळावरून उतरते. अशी दोन्ही प्रकारची चाके लेगोने 2009 पासून काढली आहेत.

मापांसाठी छायाचित्रांवर विसंबू नये. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तेथे जाऊन, परवानगी घेऊन, दाराची रुंदी, खिडकीची उंची आणि पायदानाचे जमिनीपासूनचे अंतर टेपने मोजावे. घरी आल्यावर ती मापे 45 ने भागून चौकटीच्या कागदावर उतरवावीत. ठोकळ्याची उंची 9.6 मिमी आणि पातळ पट्टीची 3.2 मिमी असते, म्हणजे तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. पाच पट्ट्यांची उंची बरोबर दोन खुंट्यांच्या रुंदीइतकी भरते. हे एक गणित लक्षात ठेवले, की ठोकळे आडवे बसवून खिडक्यांच्या चौकटी हव्या तितक्या बारीक करता येतात, आणि शकुंतलेच्या डब्याची ओळख त्या खिडक्यांमध्येच आहे असे मला वाटते. आपल्या गावावरून गेलेल्या गाडीसाठी एवढे कष्ट घेण्याचे आपण मनावर घेतले, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : मुलासाठी जुनी 9 व्होल्टची गाडी मिळत आहे. ती घ्यावी की नवीन, मोबाईलवर चालणारी? आमच्याकडे वीज वरचेवर जाते. (एक वाचक भगिनी, नागभीड)

उत्तर : आपल्या परिस्थितीत नवीन घ्यावी. लेगोच्या गाड्या 1966 साली निळ्या रुळांवर 4.5 व्होल्टच्या बॅटरीवर सुरू झाल्या. पुढे 12 व्होल्टची पद्धत आली आणि 1991 साली 9 व्होल्टची. या तिसऱ्या पद्धतीत रुळांवर धातूची पट्टी असते आणि वीज त्यातूनच इंजिनाला मिळते. म्हणजे घरातली वीज गेली की गाडीही थांबते. संग्रह करणाऱ्यांना ही पद्धत अतिशय प्रिय आहे, आणि ती आहेच तशी देखणी व शांत. परंतु तिचे उत्पादन कधीच थांबले असल्यामुळे रूळ आणि मोटर जपून वापरावी लागते. शिवाय परदेशातून आलेला ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचा असेल, तर आपल्या 230 व्होल्टला तो जळून जाईल. व्यवहार करण्यापूर्वी त्याच्या मागचा आकडा वाचावा.

2006 पासून गाड्या पुन्हा बॅटरीवर आल्या, रूळ संपूर्ण प्लास्टिकचे झाले आणि 2018 पासून ब्लूटूथ आले. नव्या गाडीला सहा लहान, म्हणजे ट्रिपल ए सेल लागतात. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असल्याने सहा मिळून नऊऐवजी 7.2 व्होल्ट देतात. त्यामुळे गाडी थोडी सावकाश धावते, पण चालते, आणि सेलचा खर्च वाचतो. 1991 नंतरचे रूळ एकमेकांना जोडता येतात आणि नवी गाडी धातूच्या रुळांवरही धावते. जुनी 9 व्होल्टची गाडी मात्र प्लास्टिकच्या रुळांवर हलत नाही.

प्रश्न : आमच्या घरावर टिनाचे छप्पर आहे. उन्हाळ्यात ठोकळे वितळतील का? धुळीचे काय करावे? (एक वाचक, तालुका ब्रह्मपुरी)

उत्तर : वितळणार नाहीत. हे ठोकळे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि खोलीतल्या पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांना ते दाद देत नाहीत. खरा धोका उन्हाचा आहे. थेट ऊन लागल्यास पांढरे, करडे आणि निळे ठोकळे पिवळट पडतात, म्हणून मांडणी खिडकीसमोर ठेवू नये. मोटरच्या चाकांवरची रबरी कडी उष्णतेने सैल होतात किंवा तडकतात, तेव्हा दोन-चार जास्तीची जवळ ठेवावीत. चैत्र-वैशाखात गाडी बंद ठेवणार असाल, तर सेल आवर्जून काढून ठेवावेत, कारण तापलेला सेल पाझरला की बॅटरीचा डबा कायमचा निकामी होतो.

ठोकळे धुण्यासाठी पाणी 40 अंशांपेक्षा गरम नसावे असे कंपनी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणीही याहून गरम असते, त्यामुळे सकाळी भरून ठेवलेले पाणी वापरावे. मोटर आणि बॅटरीचा डबा मात्र पाण्यात बुडवू नये. सारवलेल्या जमिनीवर रूळ मांडल्यास माती आसांत शिरते. प्लायवुडवर मांडावेत आणि रात्री जुने धोतर किंवा चादर झाकावी. चाक अडते म्हणून खोबरेल तेल सोडण्याची सवय अनेकांना असते. तसे करू नये; तेलाला धूळ चिकटून आस आणखी घट्ट होतो. बहुतेक वेळा आसाला गुंडाळलेला केस किंवा दोरा चिमट्याने काढला की चाक मोकळे होते.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात मुलांकडून अशी गाडी बनवून घ्यायची आहे. पैसा आणि जागा दोन्ही कमी आहेत. (एक शिक्षक, तालुका अचलपूर)

उत्तर : सोळा वळणांचे एक पूर्ण वर्तुळ होते आणि त्याची बाहेरची रुंदी सुमारे 704 मिमी, म्हणजे अडीच फुटांच्या आत असते. आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडचे दोन भाग केले, तर एका चौकोनी भागावर वर्तुळ, मध्ये दोन सरळ रूळ आणि एक लहान स्टेशन आरामात बसते. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे तुकडे, सुरुवातीला घेऊ नयेत. ते महाग असतात आणि जागा खातात.

इंजिनाची मोटर एकच घ्यावी आणि डबे मुलांना गटागटाने बनवू द्यावेत. स्टुडिओ नावाचा मोफत प्रोग्रॅम शाळेच्या संगणकावर चालत असेल, तर मुले आधी पडद्यावर डबा जुळवू शकतात आणि लागणाऱ्या ठोकळ्यांची यादी त्यातूनच मिळते, त्यामुळे एकही जास्तीचा तुकडा विकत घ्यावा लागत नाही. स्टेशन, पूल आणि मालडब्यांसाठी इतर कंपन्यांचे स्वस्त ठोकळे चालतील. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते खोक्यावर पाहूनच घ्यावेत. चाके, आस आणि जोडणीची चुंबके मात्र स्वस्तातली घेऊ नयेत. भिंतीचा एखादा ठोकळा सैल निघाला तरी चालते, पण चाक वाकडे निघाले तर गाडी प्रत्येक फेरीला घसरेल आणि मुलांचा उत्साह पहिल्याच दिवशी संपेल.