प्रश्न तुमचे: सर खाडीत रेघ ओढायची कुठं?

प्रश्न: मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ‘सर क्रीक’चं टिपण काढताना तिनं विचारलं, ९६ किलोमीटरच्या चिखलाच्या खाडीसाठी भारत-पाकिस्तान इतकी वर्षं का अडून बसलेत? मधोमध रेघ ओढली की संपलं! मला उत्तर सुचलं नाही.
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर: ताई, तीस वर्षं कोल्हापुरात भूगोल शिकवताना हा प्रश्न मला अनेक मुलांनी विचारला. खरी अडचण त्या ‘मधोमध’ शब्दातच आहे.

शिरोळकडचं मळीचं रान तुम्ही पाहिलं असेल. महापूर ओसरला की एकाचा काठ तुटलेला असतो आणि समोरच्याच्या काठाला गाळ लागलेला असतो. शेजाऱ्यानं बांध कोरला तर मोजणी आणता येते. पण नदीनंच हद्द हलवली तर जुना नकाशा धरायचा की आजचं पाणी? सर खाडीत नेमकं हेच झालंय.

खाडीचं जुनं नाव बाणगंगा. पूर्वेला आपलं कच्छ, पश्चिमेला सिंध. १९१४ साली सिंध मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे कच्छचे राव आणि सिंध यांची हद्द ठरवणारा ठराव मुंबई सरकारनं केला. त्याच्या नकाशात हिरवी रेघ पूर्व काठावर आहे, म्हणून पाकिस्तान म्हणतो, अख्खी खाडी आमची. त्याच ठरावाचा १०वा परिच्छेद म्हणतो की ही खाडी पात्र बदलते, म्हणून हद्द नावा चालणाऱ्या प्रवाहाच्या मध्यावर धरावी. भारताचा आधार तो. पाकिस्तानचं म्हणणं, इथं नावा चालतच नाहीत. आपण म्हणतो, भरतीला मच्छीमारांच्या होड्या याच वाटेनं समुद्रात जातात. मला आपली बाजू पटते, कारण खाडी सरकते हे ठराव लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. १९६८ च्या लवादानं कच्छच्या रणातली हद्द ठरवली, हा तुकडा मात्र बाहेरच राहिला.

या भागातली जमीन किती चंचल, ते १८१९ च्या भूकंपात दिसलं. रणात ‘अल्लाह बंद’ नावाचा लांबलचक उंचवटा वर आला, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला, सिंधूचं पाणी लखपतकडे येईना आणि ते भरभराटीचं बंदर ओस पडलं.

मी कच्छमधल्या कोटेश्वरला गेलो होतो. सर खाडी तिथून आणखी पश्चिमेला आहे. देवळासमोर दिसते ती कोरी खाडी. ओहोटी लागली होती. पाणी डोळ्यांदेखत मागं सरलं आणि राखाडी चिखल उघडा पडला. त्यात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या, आपल्या कोकणातल्यासारख्याच. तासाभरापूर्वीचा काठ कुठं होता, हे मला बोट दाखवून सांगता आलं नसतं.

मुलीला एक मुद्दा ठळक लिहायला सांगा. भांडण चिखलापुरतं नाही. खाडीच्या मुखाशी हद्द ज्या बिंदूवर संपते, तिथूनच पुढं समुद्रातली हद्द निघते आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत आर्थिक हक्काचा पट्टा असतो. बिंदू थोडा सरकला तरी समुद्रात मोठी पाचर या देशाची त्या देशाला जाते. मासळी, आणि तळाशी तेल-वायू असलाच तर तोही, त्याच्याबरोबर जातो.

यात भरडला जातो तो खलाशी. पाण्यावर रेघ नसते. इंजिन बंद पडलं की ओढ नेईल तिकडं होडी जाते. गुजरातच्या होड्यांवर आपल्या पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुणही कामाला असतात आणि त्यांतले काही कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते. त्या दिवशीची बातमी मुलीला आवर्जून वाचायला द्या.